वरून तिसरे नाव

अंबादास मुकादमांच्या तलावावर जायचे, तर पायातले जोडे बाभळीखाली काढून आणि मातीची एक पाटी डोक्यावर घेऊनच जावे लागे. या नियमास अपवाद नव्हता. शाळेची सहल असो, कारखान्याचे नवे संचालक असोत, की पुण्याहून आलेल्या कोणी अभ्यासक बाई असोत, मुकादम बांधाच्या पायथ्याशी उभे राहून आधी प्रत्येकाच्या पायांकडे पाहत, मग रिकाम्या पाट्यांच्या चळतीकडे बोट करीत आणि म्हणत, "एक पाटी माती बांधावर टाका, मग दगड दावतो. नुसतं बघायला आलेल्याला हितं काय दिसत न्हाई."

धारूरच्या डोंगराकडून उतरणाऱ्या एका ओढ्यावर हा पाझर तलाव आहे. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या पंचक्रोशीतील माणसांनी तो आपल्या हातांनी बांधला. काम चालू असताना एके दुपारी मातीच्या खाणीची दरड कोसळली आणि पाच माणसे तिच्याखाली गेली. पुढे पाऊस झाला, तलाव भरला, खालच्या अंगाच्या विहिरींना पाझर फुटले; त्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि उसाच्या भरवशावर सहकारी कारखाना. कारखान्याने पहिल्या गळिताच्या वर्षी कृतज्ञतेने त्या पाच जणांच्या नावांचा एक काळा दगड बांधावर बसवला आणि त्याच्या राखणीला अंबादास मुकादमांची नेमणूक केली. दुष्काळी कामावर त्या पाच जणांच्या टोळीची हजेरी मांडणारे तेच होते.

मी तेव्हा गावच्या शाळेत संस्कृत शिकवीत असे. वडिलांकडून आलेली पूजाअर्चा आणि याज्ञिकीही माझ्याकडे होती. पहिल्यांदा मी तलावावर गेलो तो मुलांची सहल घेऊन. मुलांनी हसतखिदळत पाट्या वाहिल्या, मीही एक वाहिली आणि आम्ही दगडासमोर ओळीने बसलो. मुकादम उभे राहिले. सडसडीत अंग, गुडघ्याच्या किंचित खाली आलेले धोतर, पांढरी टोपी आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली पितळी शिट्टी. त्यांनी दगडाकडे पाहिले नाही; पाण्याकडे तोंड करून, हजेरी घ्यावी तशी ते एकेक नाव घेऊ लागले. प्रत्येक नावानंतर ते थांबत. तो थांबा किती असे, हे मला पुढे उमगले. कामावरच्या माणसाने 'हाय' म्हणून ओ द्यावी, एवढा.

तिसऱ्या नावानंतरच्या त्या स्तब्धतेत पहिलीतली एक चिमुरडी खणखणीत आवाजात म्हणाली, "हजर!" मुले फस्सकन हसली. माझ्या सोबतच्या मास्तरांनी तिच्यावर हात उगारला. मुकादमांनी तो वरच्या वर धरला.

"मारू नगा मास्तर," ते म्हणाले. "इतक्या सालात पैल्यांदा कुनी ओ दिली."

ते तिसरे नाव त्यांनी घेतले होते प्रयागबाई. आणि वाचण्याची सवय जडलेले माझे डोळे त्या वेळी दगडावर होते. दगडावर वरून तिसरे नाव होते कौसाबाई.

मी मुलांना उठवले. परतताना मुकादम माझ्यासोबत बाभळीपर्यंत आले आणि जोडे पायात घालण्यासाठी मी वाकलो असता हलक्या आवाजात म्हणाले, "तुमी वाचलं, गुरुजी."

"वाचले."

"मंग ऐकूनबी घ्या."

त्यांनी सांगितले ते असे. त्या काळी टोळीत नाव घातले जाई ते घरातल्या एकाच बाईचे; पण रोज कामावर येई ती, ज्या दिवशी जी मोकळी असेल ती. सासूच्या नावावर सून येई, थोरल्या जावेच्या नावावर धाकटी येई. कोणाचे पोर आजारी, कोणाला दिवस गेलेले. नाव बदलायला जावे तर कचेरीत चार दिवस मोडत आणि तितके दिवस त्या घरचा हात कामावरून सुटे. म्हणून मुकादम जे नाव लिहिलेले, तेच मांडीत. सगळ्याच टोळ्यांची ती रीत होती. तिला ते 'बदली' म्हणत. त्या दिवशी कौसाबाईच्या अंगात ताप होता, म्हणून तिची धाकटी जाऊ प्रयाग आली. मस्टरवर कौसाबाई हजर राहिली. दरडीखाली प्रयाग गेली.

"दुसऱ्या दिशी साहेब आले. मस्टर बघून पंचनामा लिवला. मी सांगायला गेलतो, गुरुजी. खोटं न्हाई सांगत. त्यांच्यासंगं आलेला कारकून बाजूला घिऊन म्हनला, एक नाव खोटं निगालं तर समदं मस्टर खोटं धरतेत, काम बंद ठिवतेत. आख्ख्या गावच्या चुली त्या कामावर. मी तोंड मिटलं. कौसाच्या नावाम्होरं 'मयत' लिवलं. ह्याच हातानं."

"आणि पुढे? काम संपल्यावर?"

त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "म्होरं दगड बसला. माळ घातली, मला राखण दिली. मानानं बसवलेल्या मानसाचं तोंड लवकर उगडत न्हाई."

पाण्याकडे तोंड करून नावे घेण्याची त्यांची पद्धत त्यानंतर मला निराळीच दिसू लागली. दगडाकडे पाहिले असते, तर त्यांना खोटे वाचावे लागले असते.

मी आयुष्यात पुष्कळ मृत्युस्थळे पाहिली आहेत. काशीस मणिकर्णिकेच्या पायऱ्यांवर बसलो आहे, कुरुक्षेत्रीच्या सरोवरात स्नान केले आहे, पानिपतच्या त्या उघड्या माळावर आमच्या यात्रेकरूंसह मुकाट उभा राहिलो आहे. सर्वत्र एक वाटाड्या भेटे आणि बोट करून सांगे, अमुक इथे पडला, तमुक तिथे पडला. लोक 'अरेरे' म्हणत आणि दुसऱ्या बोटाकडे वळत. जिथे माणसे मेली तिथे जाण्याची ही ओढ मला वाईट म्हणवत नाही. तिच्यात करुणेचे बीज आहे, आणि आपण अजून आहोत याचे थोडे समाधानही. पण त्या ओढीला अंग मोडून वाकवावे लागते, तिच्या डोक्यावर काही भार द्यावा लागतो, हे मला अन्य कोणी दाखवले नाही. मुकादमांनी दाखवले.

आणि ते भार देताना कोणाचा मुलाहिजा राखीत नसत. एकदा कारखान्याचे चेअरमन बाहेरगावचे पाहुणे घेऊन आले. परीटघडीचा सदरा, वर जाकीट. पाटी दिसताच त्यांचे दोन कार्यकर्ते ती उचलायला धावले. मुकादम आडवे झाले.

"साहेबांची पाटी साहेब उचलतील."

"अहो मुकादम, साहेबांची कंबर धरलीय."

"मंग अर्धी भरा. पर डोकं साहेबांचंच पायजे."

चेअरमन हुशार गृहस्थ होते. त्यांनी पाटी घेतली. चढावर मुरूम ओघळून कॉलरमध्ये गेला, पाहुणे हसू दाबू लागले, तेव्हा ते धापा टाकीत म्हणाले, "मुकादम, निवडणुकीत सुद्धा एवढं ओझं नव्हतं हो!"

"निवडणुकीत लोकं उचलतेत साहेब," मुकादम मागून म्हणाले. "हितं आपुन उचलायचं."

नंतरच्या एका दुष्काळात, तलाव तळाला गेला असता, शहरातून एक छायाचित्रकार आला. फुटलेल्या भुईची चित्रे काढून झाल्यावर तो मुकादमांना म्हणाला, "बाबा, नेमके कुठे दबले ते? त्या जागेवर उभे राहा. आणि ती शिट्टी तोंडात धरा, छान येईल."

मुकादमांनी शिट्टी मुठीत घेतली. त्या दुपारी जेवणाची सुट्टी संपल्याची शिट्टी त्यांनीच वाजवली होती आणि ती ऐकून माणसे भाकरीची फडकी बांधून खाणीत उतरली होती. हे त्यांनी त्या तरुणाला सांगितले नाही. एवढेच म्हणाले, "ही वाजली की मानसं खाली उतरतेत, दादा. तुमाला कुनाला उतरवायचंय?"

तो तरुण बराच वेळ कॅमेऱ्याचे झाकण लावीत बसला. जाण्यापूर्वी, कोणी न सांगता, त्याने आणखी दोन पाट्या टाकल्या.

दगडावर जिचे नाव होते ती कौसाबाई गावातच होती आणि चांगली धडधाकट होती. मोठे कुंकू, मोठा आवाज. प्रयागचे तान्हे लेकरू सोजर हिला तिने आपल्या पोटच्या पोरांत वाढवली आणि वेळ आली तेव्हा लग्न करून दिली. तिला अक्षरओळख नव्हती, पण वरून तिसरी ओळ आपली, हे तिला ठाऊक होते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास, ती बांधावर येई आणि त्या ओळीला कुंकवाचे बोट लावी.

"आलीस का तुपल्याच दर्शनाला?" मुकादम विचारीत.

"आले की. देव सोताची पूजा करत न्हाई, म्या करती," ती म्हणे. "मला मराची भीती न्हाई मुकादम. कागदावर मरून मोकळी झाले. यम आला तर म्हनंल, बाई, तुव्हं नाव तर कवाच काटलंय!"

हे सारे ती सोजरच्या माघारी बोले. सोजर सोबत असली की कौसाबाई दगडापासून चार हात दूर, मुकाट बसून राही. थट्टेच्या खाली काय होते ते तिने एकदाच, माझ्या ओसरीवर सत्यनारायणाचे साहित्य ठेवताना, सांगितले. "त्या दिशी मला जायचं व्हतं, गुरुजी. तापातबी उटले व्हते. प्रयाग म्हनली, निजा बाई. मी निजले." एवढे बोलून ती सुपारी मोजू लागली.

एका भाद्रपदात, सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी, मुकादम माझ्याकडे आले. मी नुकताच तर्पण आटोपून बसलो होतो. ते पायरीवरच टेकले.

"गुरुजी, एक इचारू? पानी सोडताना नाव चुकलं, तर पानी पोचतं का?"

मी शास्त्र सांगू लागलो. संकल्पात देश सांगावा लागतो, काळ सांगावा लागतो, नाव आणि गोत्र उच्चारावे लागते. परंतु ज्यांचे नाव-गोत्र कोणास ठाऊक नाही, जे अपघातात गेले, ज्यांना कोणी उरले नाही, त्यांच्यासाठीही आपल्या पूर्वजांनी एक ओंजळ राखून ठेवली आहे. तेव्हा काळजी नसावी. माझ्या मते मी त्यांचे समाधान केले होते.

मुकादम नम्रपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ती ठाऊक नसलेल्यांची ओंजळ झाली. हिचं नाव तर ठाऊक हाय. मंग ती ओंजळ हिला काहून द्यायची?"

साठ वर्षे मी अनेकांना अनेक शंकांची उत्तरे दिली. या एका प्रश्नाला मात्र मी पळीपंचपात्र आवरायला घेतले. त्या खोट्यात माझाही एक वाटा होता, कारण मला माहीत असूनही मी कधी कोणापाशी बोललो नव्हतो.

दगडावरचे खोटे उघडे पडले ते माझ्याच हातून. साक्षरतेची मोहीम आली होती आणि मारुतीच्या सभामंडपात दुपारचा बायकांचा वर्ग मी घेत असे. मुळाक्षरांच्या आधी प्रत्येकीला तिचे स्वतःचे नाव आणि मग तिच्या आईचे नाव गिरवायला देण्याची माझी पद्धत होती; माणूस ज्या अक्षरांवर माया करतो ती लवकर हाताखाली येतात, असा माझा अनुभव. सोजर तेव्हा माहेरी बाळंतपणाला आली होती. मांडीवर लेकरू, समोर पाटी. 'प्रयाग' हा शब्द तिने किती वेळा लिहिला असेल त्याची गणती नाही. चुलीपुढच्या राखेत लिहिला, भिंतीवर कोळशाने लिहिला, लेकराच्या पाठीवर बोटाने लिहिला.

त्या वर्षी दसरा झाल्यावर ऊसतोडीच्या गाड्या कारखान्याकडे निघाल्या. सोजर आणि तिचा नवरा त्या टोळीत होते. दरवर्षी गाड्या तलावावर थांबत, बैल पाणी पीत, माणसे पाटीभर माती टाकून दगडाला हात लावीत. टोळीला निरोप द्यायला मीही गेलो होतो; कौसाबाईही भाकरी बांधून घेऊन आली होती.

सोजर दगडासमोर बसली. तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवले आणि ओठ हलवीत अक्षरे जुळवू लागली. बायका कौतुकाने भोवती जमल्या. "वाचती बया!" कोणी म्हणाले. मी कौतुकाने पाहत होतो आणि मग, तिचे बोट तिसऱ्या ओळीवर आले त्या क्षणी, माझ्या ध्यानात आले की हे काय होत आहे. ती पाचव्या नावापर्यंत गेली. पुन्हा वरून सुरुवात केली. पुन्हा खालपर्यंत आली.

"मामा," ती मुकादमांना म्हणाली, "आई न्हाई हितं."

"हाय की पोरी. मी दरसाली नाव घेतो की तुज्याम्होरं."

"तुमी बोलता. मला वाटायचं, वाचता."

मुकादम खाली बसले.  सोजरचे बोट पुन्हा तिसऱ्या ओळीवर गेले. तिने ते नाव मोठ्याने वाचले आणि वळून कौसाबाईकडे पाहिले. "मोठ्या आय, हे तर तुव्हं नाव हाय."

कौसाबाईला त्या दिवशी थट्टा सुचली नाही. तिने आणि मुकादमांनी मिळून, एकमेकांची वाक्ये पुरी करीत, तिला सगळे सांगितले. सोजर रडली नाही, ओरडली नाही. मांडीवरच्या लेकराचे तोंड पदराने पुसत राहिली.

"मी मागल्या साली थोरल्याला ह्या दगडाच्या पाया घातलं," ती म्हणाली. "म्हनलं, ही तुजी आजी. ह्या काळ्या अक्षरात बसलीय. मंग मी कुनाला दावलं, मामा?"

बैल पाणी पिऊन उभे होते. गाडीवानाने हाक दिली. मुकादम उठले आणि टोपी काढून हातात धरून म्हणाले, "म्होरल्या दसऱ्याला तुजी गाडी निगायच्या आत तुज्या आईचं नाव दगडावर लागंल. न्हाई लागलं तर मी बांधावर दिसनार न्हाई."

त्यांच्या त्या वर्षाची हकिकत मी दुरून पाहिली. ते तालुक्याला गेले. तिथे त्यांना सांगण्यात आले की ते काम केव्हाच संपले, त्याची कागदपत्रे आता कोठे असतील ते सांगता येत नाही, आणि दगड काही सरकारी नाही. कारखान्याने बसवला, त्यांना विचारा. कारखान्यात सांगण्यात आले की दगड संचालक मंडळाच्या ठरावाने बसला आहे. त्यावरची नावे सर्वसाधारण सभेने मंजूर केली आहेत, ती बदलायची तर सर्वसाधारण सभेतच विषय यावा लागेल. चेअरमनांनी त्यांना बाजूला घेऊन प्रेमाने सांगितले, "मुकादम, नवं नाव सहावं म्हणून खाली घालू या. गुपचूप. कुणाला कळायचं नाही."

"आन कौसाबाई?"

"तिचं राहू द्या. तिलाही कुठे वाचता येतं?"

"सोजरला येतं साहेब," मुकादम म्हणाले.

भाद्रपदात कारखान्याच्या आवारात वार्षिक सभा भरली. मंडप, माईक, ताशी पन्नास वेळा 'मंजूर, मंजूर'चा गजर. मी याच कारखान्याचा एका भागाचा, म्हणजे शेअरचा, सभासद म्हणून मागच्या रांगेत बसलो होतो. सगळे विषय संपले आणि अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय पुकारले गेले, तेव्हा मुकादम उभे राहिले. त्यांनी माईक घेतला नाही.

"मी अंबादास. तळ्यावरचा राखनदार. दुष्काळात हजेरी मी मांडत व्हतो. ती खोटी मांडली."

मंडपात कुजबुज झाली. कोणी तरी म्हणाले, "बसा खाली, इतक्या वर्षांनी काय काढलंय!" त्यांनी बसायचे नाकारले. कोणत्या दिवशी, कोणाच्या जागी कोण आले, दरडीखाली कोण गेले आणि दगडावर कोण बसले, हे त्यांनी एकेक वाक्य उभे करून सांगितले. बदलीची रीत सगळ्यांच्याच घरात होती, म्हणून पुष्कळांच्या माना खाली गेल्या. पण नव्या पिढीतला एक तरुण सभासद तडकून उठला. "खोटी हजेरी लिहिणाऱ्याला आपण इतकी वर्षं मानाचा नारळ देतोय? ह्याच्या शब्दावर दगड फोडायचा? पुरावा काय, बे?"

तेव्हा बायकांच्या बाजूने कौसाबाई उठली. नवरा वारल्यावर त्याचा भाग तिच्या नावावर आला होता, म्हणून ती सभेला येण्याचा हक्क राखून होती.

"पुरावा मी हाय, लेकरा," ती म्हणाली. "नीट बग. तुज्या कारखान्याच्या सभासदांच्या यादीत मी जित्ती हाय आन तुज्याच कारखान्याच्या दगडावर मेलेली. दोन्ही तुमचेच कागद. एक कोन्ता तरी फाडा!"

आधी हशा उसळला. मग, हसता हसताच, मंडप शांत झाला. कौसाबाईचा आवाज अर्ध्यावर फुटला होता. "मव्हं नाव काडा की रं तितलं," ती म्हणत होती. "तिची जागा हाय ती. लई दिस मी तिच्या जागी बसलेय."

ठराव झाला, दोन भागांत झाला. दगडावरील तिसरे नाव दुरुस्त करावे. आणि हजेरीत खोटी नोंद केल्याचे स्वतः कबूल केलेल्या इसमास राखणीच्या कामावरून मुक्त करावे. दुसरा भाग वाचला जाताना चेअरमनांनी चष्मा पुसला. मुकादमांनी हात वर केला. लोकांना वाटले, ते विरोध करीत आहेत. ते दोन्ही भागांच्या बाजूने मत देत होते.

दगड दुरुस्त व्हायला मात्र दिवस लागले. पाथरवट मिळेना, मिळाला तो दसरा उलटल्यावर. गाड्या ज्या सकाळी निघायच्या, त्याच सकाळी तो हत्यारांची पिशवी घेऊन बांधावर आला. तो मुकादमांच्याच वयाचा, दुष्काळी कामावर दगड फोडणारा त्यांचा जुना सोबती होता. मला त्या दिवशी बीडला जायचे होते. वाटेत थोडा वेळ थांबून नामोच्चार करून जावे, एवढ्यासाठी मी आलो होतो. गाड्या जुंपून उभ्या होत्या. टोळीचा म्होरक्या घाई करीत होता आणि सोजर त्याच्याकडे पाठ करून दगडापुढे मांडी घालून बसली होती. नाव कोरून होईपर्यंत उठण्याचा तिचा विचार दिसत नव्हता.

आधी जुने नाव घासायचे होते. कौसाबाई शेजारी उकिडवी बसून सूचना देत होती. "हळू घास की रे. मव्हं नाव हाय ते, भांडं न्हाई."

"मेलेल्या बाईनं बोलू नये," पाथरवट म्हणाला.

"आता जित्ती झाले ना! आता तर लई बोलनार!"

घासलेली जागा बाकीच्या दगडाहून फिकी, किंचित खोलगट झाली. पाथरवटाने तिच्यावर खडूने नवे नाव लिहिले. सोजरने ते वाचून पाहिले आणि मान हलवली. छिन्नीचा पहिला घाव पडला तेव्हा मी माझ्या परीने देश-काल उच्चारून ते नाव घेतले, पाण्यात ओंजळ सोडली आणि बसची वेळ झाली म्हणून निघालो. मुकादमांना नमस्कार करावा म्हणून वळलो. पण त्यांचे माझ्याकडे लक्ष नव्हते, आणि मीही हाक मारली नाही. त्यानंतर ते मला भेटले नाहीत. त्याच हिवाळ्यात, थोरल्या मुलीच्या गावी, झोपेतच गेले असे कळले.

रस्त्यापर्यंत जाऊन मी एकदा मागे पाहिले. उन्हे वर आली होती. मुकादम पाथरवटाच्या पाठीशी उभे होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, पुढे इतके वाकलेले की त्यांची टोपी जवळजवळ दगडाला लागत होती. छिन्नी थांबली. माळावर शब्द स्वच्छ ऐकू येतात.

"अंबादास, सरक की बे मागं. तुज्या सावलीत अक्षर दिसंना."

मुकादम दचकून सरळ झाले, घाईघाईने दोन पावले मागे सरले आणि तिसऱ्या ओळीवर ऊन पडले.